‘झुंड’ बोलपटांतील गुरुजी आणि त्यांचा चमू

फुटबॉलच्या चमूंत अकरा जणांना घ्यावयाचें म्हणजे बाराव्याला घरीं पाठवावयाचें, ही गोष्ट ज्यानें आयुष्यांत एकदां तरी केली असेल त्यालाच क्रीडाशिक्षकाच्या धंद्यांतील खरें दुःख कळतें. कोणता डाव टाकावा, कोणाला पुढें ठेवावें, कोणाला मागें, याविषयीं वाद घालणारे लोक प्रत्येक मैदानाच्या कडेला शेंकड्यांनीं मिळतात. पण वगळलेल्या पोराच्या नजरेला नजर देऊन उभें राहण्याची पाळी एकट्या शिक्षकावर येते. श्री. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा हिंदी बोलपट ४ मार्च २०२२ रोजीं प्रदर्शित झाला, तेव्हां त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. अमिताभ बच्चन यांचा अभिनय, वस्तीचें चित्रण, आंबेडकर जयंतीचा प्रसंग, तीन तासांच्या घरांत जाणारी लांबी, या सर्वांची चर्चा झाली. पण ज्या मनुष्याभोंवतीं ही कथा फिरते तो मुळांत फुटबॉलचा शिक्षक आहे, आणि शिक्षक या नात्यानें खेळाडू, डावपेच व निवड यांविषयीं त्याचीं मतें काय आहेत, हा प्रश्न आमच्या वाचनांत तरी कोणी विचारलेला नाहीं. आम्ही तो येथें विचारणार आहों.

आम्हांला तो सुचण्याचें कारण थोडें घरगुती आहे. भंडाऱ्याहून नागपूर अवघें साठएक किलोमीटर. ‘झुंड’मधलीं पोरें जी हिंदी बोलतात ती आमच्या बसस्थानकावर, तुमसरच्या धानबाजारांत आणि वरठीच्या रेल्वेफलाटावर रोज कानीं पडते. शिवाय आम्हीं स्वतः कांहीं वर्षें शाळेंत फुटबॉल शिकविला आहे आणि निवडीच्या टेबलामागें बसलों आहों. तेव्हां हा बोलपट पाहतांना आमचा एक डोळा कथेवर आणि दुसरा पोरांच्या पायांवर होता, हें आधींच कबूल करून ठेवलेलें बरें.

बोलपटांतील विजय बोराडे हें पात्र नागपूरचे श्री. विजय बारसे यांच्यावरून घेतलेलें आहे, हें आतां सर्वश्रुत आहे. बारसे हे हिस्लॉप महाविद्यालयांत क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यांत झोपडपट्टींतील कांहीं पोरें मोडकी बादली लाथाडीत खेळत असलेलीं त्यांनीं पाहिलीं, त्यांना खरा फुटबॉल दिला, आणि तेथून ‘स्लम सॉकर’ या नांवानें जगभर ओळखलें जाणारें काम उभें राहिलें. पुढें त्यांचे चिरंजीव अभिजित हे अमेरिकेंतून परत येऊन या कामांत पडले. अखिलेश पॉल यांनीं २०१० सालीं रिओ दि जानेरो येथील बेघरांच्या विश्वचषकांत भारताच्या चमूचें नेतृत्व केलें, आणि संस्थेस २०१६ सालीं फिफाचें विविधतेबद्दलचें पारितोषिक मिळालें. नागपूर-कामठी भागांत फुटबॉल नवा नाहीं. कामठीच्या रब्बानी क्लबासारखे जुने संघ तेथें आहेत. बारसे यांनीं नवें केलें तें हें कीं, ज्यांना कोणत्याहि क्लबाच्या दारांत कोणी उभें केलें नसतें त्यांच्यापासून त्यांनीं आरंभ केला.

बोराडे गुरुजी प्रारंभीं निवडच करीत नाहींत, आणि ही त्यांची पहिली व फार मोठी निवड होय. पावसांत प्लॅस्टिकचा डबा लाथाडणारीं पोरें त्यांना दिसतात. कोणाचा पाय चांगला आणि कोणाचा वाईट याची परीक्षा ते घेत बसत नाहींत. खेळा आणि पैसे घ्या, असा साधा सौदा ते करतात. कांहीं दिवसांनीं पैसे बंद होतात, आणि पोरें तरीहि येतात. या युक्तीवर कोणी नीतीचा आक्षेप घेईल. आम्ही घेत नाहीं. ज्या पोराला दिवसाचा प्रत्येक तास कांहींतरी मिळविण्यासाठीं खर्चावा लागतो, त्याच्यापुढें खेळाच्या महत्त्वावर व्याख्यान देण्यापेक्षां त्याचा अर्धा तास विकत घेणें अधिक सभ्यपणाचें आहे. या भागांत मंजुळे यांनीं शिक्षकाला जें करूं दिलें नाहीं तें आम्हांला विशेष आवडलें. गुरुजी शिस्तीवर प्रवचन करीत नाहींत. ते कडेला उभे राहून पाहतात, आणि चांगल्या शिक्षकाचा अर्धा धंदा पाहण्याचाच असतो. बच्चन यांनीं हें पाहणें फार संयमानें केलें आहे. ज्यांचा आवाज ऐकण्यासाठीं दोन पिढ्यांनीं तिकिटें काढलीं त्यांनीं तो आवाज एवढा खालीं ठेवावा, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढें एका प्रसंगीं पोरें गुरुजींच्या घरीं जमतात आणि एकेक जण आपली हकीकत सांगतो. प्रसंग मनाला भिडतो. पण आमचा पहिला संशय येथेंच उत्पन्न झाला. येथून पुढें प्रत्येक पोराची योग्यता त्याच्या दुःखावरून ठरूं लागते. कोणाचा डावा पाय चालतो, कोणाला धांवतांना मान वर ठेवण्याची संवय आहे, कोण रागावला कीं अधिक चांगला खेळतो आणि कोण रागावला कीं वाया जातो, हें आम्हांला कळत नाहीं. ज्याची हकीकत सर्वांत करुण आहे तो बचावाला अगदीं निरुपयोगी असूं शकतो. आणि मग शिक्षकाच्या मनांत जो झगडा होतो तोच या धंद्याचा गाभा आहे. करुणेनें जागा द्यावी कीं खेळानें? बोलपट या प्रश्नाच्या दारापर्यंत जातो आणि बाजूनें निघून जातो.

शीर्षकाचा शब्दच घ्या. या पोरांना झुंड म्हणूं नका, चमू म्हणा, असें गुरुजी एके ठिकाणीं बजावतात, आणि तेंच बोलपटाचें ब्रीद समजलें गेलें. सामाजिक अर्थानें तें योग्यच आहे. माणसांच्या समूहाला कळप म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. परंतु मैदानावर ‘झुंड’ या शब्दाला दुसरा, अगदीं कारागिरीचा अर्थ आहे, आणि ज्यानें नवशिक्यांना फुटबॉल शिकविला आहे त्याला तो पहिल्याच दिवशीं कळतो. नवीं पोरें चेंडू जिकडे जाईल तिकडे सगळीं मिळून धांवतात. गुळाभोंवतीं माश्या जमाव्या तशी वीस पायांची गर्दी चेंडूभोंवतीं होते, आणि बाकीचें सगळें मैदान ओसाड पडतें. या झुंडीचा चमू करावयाचा म्हणजे पोराला चेंडूपासून दूर राहावयास शिकवावयाचें. डाव्या कडेच्या पोरानें डाव्या कडेलाच थांबावें, चेंडू उजवीकडे असतांना आपली जागा राखावी, आणि कोणीतरी आपल्याकडे चेंडू देईल असा भरंवसा धरावा, हा डावपेचांचा पहिला धडा आहे आणि सर्वांत अवघडहि तोच आहे. आतां विचार करा. ज्या पोराला आयुष्यांत आपणहून कोणी कांहीं दिलें नाहीं, जें पाहिजे तें झडप घालूनच घ्यावें लागलें, त्याला ‘तूं थांब, चेंडू तुझ्याकडे येईल’ असें सांगणें म्हणजे केवढी मोठी गोष्ट सांगणें आहे! तो कां थांबेल? वस्तींत पाय पसरण्यापुरती जागा नाहीं, आणि मैदानावर गुरुजी त्याला सांगतात कीं एवढी मोकळी जागा तुझी आहे, ती सोडूं नकोस. मंजुळे यांच्यासारख्या दिग्दर्शकाला या एका गोष्टींतून जें काढतां आलें असतें तें कोर्टांतील दहा भाषणांतून निघणार नाहीं. त्यांनीं तें काढलें नाहीं. झुंडीचा चमू झाला असें आम्हांला सांगण्यांत येतें. तो कसा झाला हें दिसत नाहीं.

याचा परिणाम महाविद्यालयाच्या चमूशीं होणाऱ्या सामन्यांत स्पष्ट दिसतो. विनोदाच्या दृष्टीनें हा भाग बोलपटांतील सर्वोत्तम आहे. आमच्या घरांतील सर्व वयांचीं माणसें एकदम हंसलीं असा प्रसंग अलीकडे विरळाच. आरंभीं वस्तीचा चमू मार खातो आणि मग उभा राहतो. पण कां उभा राहतो? गुरुजींनीं काय बदललें, कोणाला मागें घेतलें, कोणाला पुढें सोडलें? आम्हीं दोन वेळां पाहूनहि तें उमगलें नाहीं. जिद्दीनें उभा राहतो, असें उत्तर बोलपट देतो. हें उत्तर आम्हांला नुसतें अपुरें वाटत नाहीं, थोडें अपमानाचें वाटतें. श्रीमंताचीं पोरें डोक्यानें खेळतात आणि गरिबाचीं काळजानें, अशी एक समजूत आमच्या मध्यमवर्गांत फार दिवसांची आहे, आणि ज्या दिग्दर्शकानें आमच्या इतक्या समजुती मोडल्या त्यानें ही मात्र तशीच राहूं दिली. वास्तविक गल्लींत खेळणारें पोर डोक्यानेंच खेळत असतें. अरुंद जागेंत चेंडू पायाजवळ ठेवून वळावयाचें, नालीच्या काठावर तोल सांवरावयाचा, भिंतीवर चेंडू मारून परत घ्यावयाचा आणि तेवढ्यांत समोरच्याला चकवावयाचें, ही विद्या महाविद्यालयाच्या हिरवळीवर मिळत नाहीं. गुरुजींनीं ती ओळखली आणि तिच्यावर डाव रचला, असें दोन मिनिटें जरी दाखविलें असतें तरी विजय पोरांच्या बुद्धीचा झाला असता.

येथें दुसऱ्या एका बोलपटाची आठवण होते. २०२४ सालीं आलेला ‘मैदान’ हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर आहे. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखालीं भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा आला आणि १९६२ सालीं जकार्ता येथें दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या स्पर्धेंत त्यांनीं जरनैलसिंग या बचावाच्या खांबाला, डोक्याला टांके पडलेले असतांना, आघाडीच्या मध्यभागीं उभें केलें. आणि अंतिम सामन्यांतील दोन गोलांपैकीं एक त्याचाच होता. निवड म्हणजे काय याचें यापेक्षां स्वच्छ उदाहरण आमच्या माहितींत नाहीं. जखमी माणूस मागें चुकला तर सामना जातो, पुढें चुकला तर फक्त संधि जाते. आणि उंच, दणकट मनुष्य समोरच्या बचावाला पुढेंच अधिक जड जातो. ‘मैदान’ हा कलाकृति म्हणून ‘झुंड’च्या पासंगालाहि लागत नाहीं असें आमचें मत आहे, त्याचा रंग फार घोटलेला आहे आणि खलपुरुष फार सोयीचे आहेत. पण शिक्षक विचार करतो आहे, एवढें तरी त्यांत दिसतें.

‘झुंड’च्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. रहीमसाहेबांच्या पुढें सबंध देशांतले खेळाडू होते; बारसे यांच्यापुढें जीं आलीं तींच पोरें. शिवाय ज्या स्पर्धेकडे ही कथा अखेर जाते तिचे नियमच निराळे आहेत, आणि बहुतेक प्रेक्षकांना ते ठाऊक नसावेत. बेघरांचा विश्वचषक २००३ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें पहिल्यानें भरला. त्यांत एका बाजूस चार जण खेळतात, तीन मैदानांत आणि एक गोलरक्षक. मैदान सुमारें २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे आमच्याकडील एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकाएवढें. सात-सात मिनिटांचे दोन डाव. चमूंत सारे मिळून आठ. गल्लीची विद्या जेथें सर्वांत उपयोगी पडावी असाच हा खेळ आहे. पण खरी मार्मिक गोष्ट पुढेंच आहे: या स्पर्धेंत कोणत्याहि खेळाडूला आयुष्यांत एकदांच भाग घेतां येतो. मग तो कितीहि चांगला खेळो. याचा अर्थ असा कीं, निवडणाऱ्यानें दर वेळीं पाटी कोरी करून बसावयाचें. गेल्या वर्षीं तयार केलेला मोहरा या वर्षीं चालत नाहीं. कोणताहि व्यवसायी शिक्षक अशा नियमाला वेड्यांत काढील. आणि तरी आम्हांला वाटतें कीं निवडीच्या प्रश्नाचें इतकें धीट उत्तर दुसऱ्या कोणत्याहि स्पर्धेनें दिलेलें नाहीं. येथें जागा ही बक्षीस नसून पाळी आहे. शेंकडों पोरांतून आठ नांवें काढतांना गुरुजींनीं काय मोजावें, पाय कीं गरज, आणि ज्याला आज जागा नाहीं त्याला पुन्हा कधीं मिळेल काय? या नियमाभोंवतीं सबंध उत्तरार्ध उभा करतां आला असता. बोलपटांत त्याचा आम्हांला कोठें मागमूस लागला नाहीं.

उत्तरार्ध उभा केला आहे तो कागदांवर. आणि येथें मात्र आमची टीका मुकाट्यानें बाजूला होते. परदेशीं जावयाचें म्हणजे पारपत्र पाहिजे, पारपत्रासाठीं दाखला पाहिजे, दाखल्यासाठीं दुसरा दाखला. रिंकू राजगुरू हिनें उभी केलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप हीं दोघें या दाखल्यांच्या मागें जीं हिंडतात तो भाग, आमच्या मतें, मंजुळे यांनीं आजवर केलेल्या कामांतील अत्यंत उत्तम भागांपैकीं एक आहे. कोणी दुष्ट नाहीं. कोणी ओरडत नाहीं. आपण आहोंत हें सिद्ध करा, एवढेंच सर्वजण म्हणतात, आणि तेंच त्या बापाला करतां येत नाहीं. आमच्या देशांत पुष्कळ चमू मैदानावर निवडले जात नाहींत, टेबलावर निवडले जातात, हें या भागानें जितकें दाखविलें तितकें कोणत्याहि लेखानें दाखविलेलें नाहीं.

हें लिहितांना आमच्याच हातची एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका निवडीस आम्ही तिघे जण बसलों होतों. पवनीच्या बाजूनें एक पोर आलें होतें, ढिवराचें, वैनगंगेच्या कांठचें; गोसीखुर्दच्या धरणामुळें त्याचें गांव उठलें होतें आणि नव्या वसाहतींत जातांना शाळाहि बदलली होती. त्याच्या एका दाखल्यावर एक जन्मतारीख आणि दुसऱ्यावर दुसरी. पायांत बूट नव्हते. खेळला तो असा कीं, नदींत मासा उलटा फिरावा तसा दोघांच्या मधून निघून जाई. त्याच जागेसाठीं दुसरा एक मुलगा होता, उंच, नीटनेटका, आमच्या ओळखीच्या घरांतला, बऱ्यापैकीं खेळणारा. आम्हीं उंच मुलाचें नांव लिहिलें आणि ढिवराच्या पोराला सांगितलें कीं, बाबा, तुझे कागद जुळत नाहींत. तें खोटें नव्हतें. पण मागाहून विचार करतां आमच्या लक्षांत आलें कीं कागद पाहण्याच्या आधींच आमचें मन ठरलें होतें. कागदानें आम्हांला फक्त त्याच्याकडे न पाहतां बोलण्याची सोय करून दिली. तो कांहीं बोलला नाहीं. ‘बरं जी’ म्हणाला, पिशवी उचलली आणि बसस्थानकाच्या वाटेला लागला. मोनिकाचा बाप कचेरीच्या पायऱ्या उतरतो तेव्हां आम्हांला पडद्यावर तें पोर दिसलें, आणि आम्हीं खोलीबाहेर जाऊन पाणी प्यालों.

म्हणूनच ‘झुंड’मधील गुरुजी आम्हांला थोडे जास्त निष्कलंक वाटतात. ते कधीं चुकत नाहींत. अंकुश गेडाम या नवख्या नटानें डॉनची भूमिका इतकी खरी केली आहे कीं त्याच्या खांद्याच्या एका झटक्यानें सगळा पूर्वेतिहास कळतो. विमानतळावरील तपासणीच्या प्रसंगीं त्याचा जीव कसा खालींवर होतो तें पाहण्यासारखें आहे. पण त्याला घ्यावा कीं न घ्यावा, याविषयीं गुरुजींच्या मनांत एकदांहि शंका येत नाहीं. न्यायालयांत ते त्याच्यासाठीं लांब भाषण करतात. भाषणांतलें प्रत्येक वाक्य आम्हांला मान्य आहे, आणि तरीहि तें भाषण नको होतें. दीड तास कडेला उभा राहून पाहणारा शिक्षक येथें एकाएकीं वक्ता होतो, आणि आमचा ओळखीचा माणूस हरवतो. अशा पोराला घेतल्यानें दुसरें एक शांत, नियमित येणारें, कधीं कोणाशीं न भांडलेलें पोर मागें राहिलें असेल. त्यानें गुरुजींना काय विचारलें? ‘मी भांडलों नाहीं म्हणून माझी जागा गेली काय?’ हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला कधीं ना कधीं ऐकावा लागतो, आणि त्याला न्यायालयांत देतां येईल असें उत्तर नाहीं.

अजय-अतुल यांचें संगीत जोरकस आहे, कांहीं ठिकाणीं जरूरीपेक्षां अधिक. लांबी पाऊण तासानें कमी करतां आली असती, विशेषतः निरनिराळ्या प्रांतांचे चमू जमतात त्या भागांत, जेथें ओळखी करून देण्याच्या नादांत कोणाचीच ओळख होत नाहीं. शिव्या आहेत, पण त्या कानांवरून जाऊं देण्याइतकीं आमच्या घरांतलीं मुलें आतां मोठीं आहेत, आणि बसस्थानकावर त्यांनीं यापेक्षां अधिक ऐकलें आहे. कुटुंबासह पाहण्यास आमची कांहीं हरकत नाहीं. उलट शिफारस आहे.

शेवटच्या दृश्यांत विमान वस्तीवरून वर चढतें आणि खालीं, वस्ती व महाविद्यालय यांच्यामधली ती भिंत दिसते, ओलांडूं नये अशी ताकीद लिहिलेली. चित्र फार प्रभावी आहे. दुसऱ्या वेळीं हा बोलपट आम्हीं घरीं नातवाला घेऊन पाहिला. तो शाळेच्या चमूंत राखीव खेळाडू आहे, म्हणजे बहुतेक वेळ बांकावर बसतो. विमान गेलें, नांवें वर सरकूं लागलीं, आणि तो म्हणाला, ‘‘आबाजी, बाकीचे पोट्टे कुठं गेले जी?’’ आम्हीं पुन्हा थोडें मागें नेऊन पाहिलें. ते कोठें गेले तें आम्हांलाहि सांपडलें नाहीं.